शहाजोग नेमकं कुणाला म्हणायचं?

मुळाक्षर
परवा सोसायटीच्या सभेत एक गृहस्थ पाणी जपून वापरा म्हणून अर्धा तास सगळ्यांना सुनावत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "काय हा शहाजोगपणा!" शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने मला अर्थ विचारला आणि मी अडखळलो. शब्द आला पेढीवरून. हुंडी म्हणजे पैसे देण्याची लेखी चिठ्ठी; शहाजोग हुंडी म्हणजे बाजारात पत असलेल्या शहालाच, सावकारालाच, जिचे पैसे द्यायचे ती. म्हणजे मुळात हा मानाचा शब्द. आज मात्र आपण दुसऱ्याला नीती शिकवत फिरणाऱ्याला शहाजोग म्हणतो. मला तो तिथे अगदी चपखल वाटतो.

सांजवेळ
मला नाही वाटत. शहाजोग शब्दात लबाडी आहे. करून सवरून नामानिराळा राहतो आणि वर सल्ला देतो, तो शहाजोग. तुमच्या गृहस्थांना मनापासून वाटत असेल की आपण इतरांपेक्षा चांगले, तर तो सोवळेपणा. त्यात अहंकार आहे, फसवणूक नाही. दोन्ही एकाच पोत्यात भरले तर भाषा बोथट होते.

पाटावरवंटा
सोवळेपणा इतक्या सहज वापरू नका. माझ्या आजीला कुणाच्या तरी सोवळ्यापायी ओंजळीत वरून पाणी ओतून घ्यावं लागलं. आमच्या घरात ती उपमा नाही.

सांजवेळ
म्हणूनच तो शब्द दूषण म्हणून राहावा असं मला वाटतं. ज्याचा एकेकाळी तोरा मिरवला, तोच आज टोमणा झाला, हे चांगलंच झालं.

पाटावरवंटा
टोमणा झाला तुमच्यासाठी. पाण्यावरच्या भाषणाला आणि माझ्या आजीच्या तहानेला एकच शब्द लावला की तहान हलकी होते. माझा विरोध कायम.

जुनी पेठ
हुंडीचा मुद्दा अर्धाच आलाय. शहाजोग हुंडीचे पैसे घेणारा शहा जामीनही असायचा. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे व्याजासकट त्याने परत करायचे. १८८१च्या परक्राम्य संलेखांच्या, म्हणजे चेक-हुंडीसारख्या कागदांच्या, कायद्यानेही देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज तसेच राहू दिले. त्या काळी पत होती तिथे जोखीमही होती. आजच्या शहाजोगाला पत हवी असते, जोखीम नको. माझ्या मते शब्द पालटला तो इथे. नुसता उपदेश करणारा शहाजोग नव्हे; आपल्या उपदेशाला स्वतः जामीन न राहणारा शहाजोग. एखादी आजी नातवाला रागावते, तिला कुणी शहाजोग म्हटलं तर मला फार लागेल.

मुळाक्षर
हे पटलं, माझी व्याख्या ढिली होती. सांजवेळ, एक सांगायचं राहिलं. त्या गृहस्थांची गाडी रोज सकाळी पाइप लावून धुतली जाते, आणि ते स्वतः बाजूला उभे असतात.

सांजवेळ
मग शहाजोगच.