डीएनएला पडते ती गाठ, गुंता की तिढा?

वाचनवेडी
कॅन्सरच्या औषधांवरच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे, त्यामुळे भाषा सोपी हवी. इटोपोसाइड हे औषध कसं काम करतं, तिथे अडले. मूळ मजकुराचा आशय असा: जवळजवळ दोन मीटर लांबीचा डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात कोंबलेला असतो. त्याच्या गाठी आणि गुंते सोडवायला पेशीकडे टोपोआयसोमरेज-२ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते एका जागी दोन्ही धागे कापतं, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे काढतं आणि कापलेलं पुन्हा जोडतं. औषध हे शेवटचं जोडणं होऊ देत नाही. तुटलेली टोकं तशीच राहतात आणि पेशी मरते.

मी लिहिलं होतं, "हे विकर डीएनएमध्ये असलेल्या गाठी सोडवते." मसुदा आत्याला वाचायला दिला. दोन वर्षांपूर्वी तिची स्वतःची किमो झालीय. ती घाबरून म्हणाली, "म्हणजे गाठ डीएनएतसुद्धा असते? मग ती काढायची कशी?" तिच्या लेखी गाठ म्हणजे एकच. मग 'गुंता' केलं, तर तपासणारे म्हणतात गुंता म्हणजे इंग्रजीतला 'नॉट' (knot) नव्हे. तुम्ही काय लिहाल? परवापर्यंत द्यायचं आहे.

शब्दनिष्ठ
सरळ 'ग्रंथी' लिहा. गाठ हा शब्द मुळात संस्कृत ग्रन्थि, प्राकृत गंठि असा झिजत आलेला. 'ग्रंथ'ही त्याच धातूचा, कारण पानं दोऱ्यात ओवून बांधलेली असत. शास्त्राला पुढचे शब्द लागतात, ते यातून सहज निघतात: ग्रंथिल, ग्रंथिसिद्धांत, आणि ज्याला गाठच नाही ते साधं वर्तुळ म्हणजे निर्ग्रंथ. जैन परंपरेत हा शब्द दोन हजार वर्षांहून जुना आहे. 'गाठ'ला असे धुमारे फुटत नाहीत.

उंबरठा
फुटतात की. गाठाळ, गाठाळणे, गाठोडं, गाठभेट. आणि ग्रंथी म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली अवटू ग्रंथी आठवते. आत्याबाईंना गाठीवरून ग्रंथीवर नेलं तर त्या आणखी घाबरतील.

त्रिज्या
मी गणित शिकवते. 'गुंता' नॉटसाठी नका वापरू, तो शब्द आम्हाला दुसऱ्या कामाला लागतो. 1970 मध्ये जॉन कॉनवे यांनी गाठींची मोजदाद करताना एक युक्ती काढली: गाठीचा एक भाग गोळ्यात धरायचा, गोळ्यातून दोरीची चार टोकं बाहेर येतील असा. आत जे उरतं त्याला त्यांनी टँगल, म्हणजे गुंता म्हटलं. 1990 मध्ये क्लाउस अर्न्स्ट आणि डी विट समनर्स यांनी हीच कल्पना रिझॉल्वेज नावाच्या विकराला लावली. विकर डीएनए कापतं-जोडतं ते होताना आपल्याला दिसत नाही. मात्र काम संपल्यावर उरलेल्या गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, कुठला पदर वर आणि कुठला खाली तेसुद्धा. त्या गाठींची समीकरणं मांडून विकराने आत काय केलं असेल ते काढता येतं. मला हे फार सुंदर वाटतं. तिथे गाठ आणि गुंता हे दोन वेगळे शब्द हातात नसतील तर एक वाक्य पुढे जात नाही.

आणखी एक. गणितातल्या गाठीला मोकळी टोकं नसतात. बुटाची गाठ आमच्या हिशोबात गाठच नाही, टोकं ओढली की सुटते. दोरीला गाठ मारून दोन्ही टोकं कायमची जोडली, तर ती गाठ. सर्वांत साधी तीन छेदांची, आणि तिची डावी व उजवी एकमेकींत बदलता येत नाहीत. जिवाणूंचा डीएनए बहुधा वर्तुळाकार असतो, म्हणून ही व्याख्या तिथे थेट लागते.

काथ्या
तुम्ही सगळे गाठीमागे लागलात, पण डीएनएची मुख्य अडचण गाठ नव्हे, पीळ आहे. माझे आजोबा वेंगुर्ल्याकडे सुंभ वळायचे. दोन पदरी सुंभ मधेच धरून पदर वेगळे करून बघा. वेगळे होतात, पण पीळ दोन्ही बाजूंना सरकतो, दाटतो, आणि दोर स्वतःभोवती वळून तिढा पडतो. डीएनएची नक्कल होताना पदर उलगडतात तेव्हा पुढे हेच होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं आपण माणसाच्या स्वभावाबद्दल म्हणतो. वळलेल्या कुठल्याही दोराबद्दल ते आधी खरं आहे.

त्रिज्या
काथ्या, अगदी बरोबर, आणि त्याचं समीकरण आहे. बंद वर्तुळात दोन पदर एकमेकांभोवती किती वेळा फिरलेत ही संख्या = पीळ + तिढे. न कापता ती संख्या बदलतच नाही. पीळ कमी केला तर तेवढे तिढे वाढतात. डीएनएचे दोन पदर जोडणाऱ्या साडेदहा बेस-जोड्यांना एक फेरा धरला तर 5,250 जोड्यांच्या वर्तुळात सुमारे 500 फेरे. एक धागा कापणारं विकर ही संख्या एकेकाने बदलतं, दोन्ही कापणारं दोन-दोनने.

हे फेरे उलगडणार कसे, ही अडचण इतकी खरी वाटली की 1970 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॉडली यांनी आणि आपल्याकडे बंगळूरला शशिशेखरन यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की पदर एकमेकांभोवती गुंडाळलेले नसून शेजारी-शेजारी असावेत. 1979 मध्ये डीएनएची दुहेरी पिळाची रचना मांडणाऱ्यांपैकी क्रिक आणि त्यांच्यासोबत वांग व बाउअर यांनी त्याला उत्तर दिलं ते याच संख्येच्या आधारे. पदर शेजारी-शेजारी असते तर ती संख्या शून्याच्या आसपास आली असती.

शब्दनिष्ठ
मग त्या संख्येला नाव काय? 'वेष्टनांक' सुचवतो.

उंबरठा
'फेरे' म्हणा. लग्नात सात घेतात तेव्हा कुणाला वेष्टनांक लागत नाही.

पानगळ
मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. काळ्या आजाराचा परजीवी आहे ना, लिशमॅनिया, त्याच्या एका भागात डीएनएची हजारो छोटी वर्तुळं चिलखताच्या कड्यांसारखी एकमेकींत अडकलेली असतात. एकाही वर्तुळाला गाठ नाही, तरी एकही सुटं होत नाही. याला गाठ म्हणता येत नाही, गुंता नाही, पीळही नाही. 'साखळी' म्हणावं तर ती आपण पॉलिमरला देऊन बसलो. मी वर्गात 'कडीत कडी' म्हणते आणि मुलांना कळतं.

उंबरठा
वाचनवेडी, तुमच्या वाक्यावर येतो. घोळ नामात नाही, क्रियापदात आहे असं मला वाटतं. गाठ *आली*, गाठ *झाली*, गाठ *आहे* म्हटलं की रोग. गाठ *पडली*, *बसली* म्हटलं की दोरा. *मारली* म्हटलं की कुणीतरी मुद्दाम. तुम्ही 'असलेल्या गाठी' लिहिलंत, म्हणून आत्या घाबरल्या. "डीएनएच्या धाग्याला गाठी पडतात, त्या हे विकर सोडवतं" असं लिहून बघा.

शब्दनिष्ठ
क्रियापदावर भिस्त ठेवली तर शीर्षकात काय कराल? पारिभाषिक शब्दाला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. 'ग्रंथी' नको तर नको, पण ज्याला गाठ नाही त्या वर्तुळाला निदान 'निर्गाठ' म्हणा.

काथ्या
ते चालणार नाही. निरगाठ म्हणजे सुटत नाही ती पक्की गाठ! लहानपणी चड्डीच्या नाडीला बसायची ती. आई दाताने सोडवायची. 'निर्गाठ' आणि 'निरगाठ' शेजारी-शेजारी छापले तर अर्थ बरोबर उलटा होईल.

शब्दनिष्ठ
मग त्यातला 'निर' कुठला? निर् म्हणजे विना. अर्थ 'सोडवण नसलेली गाठ' असा असावा.

पानगळ
आमच्या आजीच्या मते तो 'नीर' आहे. ओली झालेली गाठ घट्ट बसते, म्हणून नीरगाठ. ती पाणी शिंपडूनच पोत्याची तोंडं बांधायची.

काथ्या
आणि सुरगाठ? तिथे कुठलं पाणी? एक टोक ओढलं की सर्रकन सुटते ती सुरगाठ. सुर, सर, सरकणे.

उंबरठा
आमच्याकडे यवतमाळला ओढली की आवळते तिला सुरगाठ म्हणायचे. गुरांच्या दाव्याला ती चुकूनही मारू द्यायचे नाहीत, जनावराने हिसका दिला तर गळ्याला फास बसेल म्हणून.

काथ्या
आवळते तो सरकफास. सुरगाठ सुटते. आजोबांनी माझ्या हातात दोर देऊन शिकवलंय.

वाचनवेडी
उंबरठा, तुमचं वाक्य आत्याला वाचून दाखवलं. या वेळी घाबरली नाही. पण म्हणाली, "धाग्याला गाठ पडली तर ती बोटांनी सोडवावी. कापून पुन्हा जोडायचं असेल तर त्याला सोडवणं कसं म्हणता?" आता 'सोडवणे'ला शब्द सुचवा.

शब्दनिष्ठ
'ग्रंथिभेदन'.

पानगळ
काथ्या, सुरगाठीचं चित्र काढून टाकाल का? आजी मारायची तिला दोन पाकळ्या यायच्या. तुम्ही म्हणताय ती एकाच पाकळीची वाटते.