बुसान महोत्सवाने स्पर्धा सुरू केली, हे योग्य झाले का?

तिसरी रांग:
दक्षिण कोरियातील बुसान आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९६ पासून आशियाई चित्रपट जगापुढे आणत आला आहे. २०२५ च्या तिसाव्या पर्वात त्याने आशियाई चित्रपटांची स्पर्धा सुरू केली. त्याआधी तिथला मानाचा ‘न्यू करंट्स’ पुरस्कार दिग्दर्शकाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या चित्रपटासाठीच असे. आता नवखे आणि मुरलेले एकाच रांगेत उभे राहतील, आणि हे मला पटत नाही. १९९८ साली हा पुरस्कार चिनी दिग्दर्शक जिया झांगके यांच्या ‘शाओ वू’ला मिळाला. सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, हौशी नटांना घेऊन केलेली ही एका पाकीटमाराची गोष्ट आहे. शेवटी पोलीस त्याला भर रस्त्यात बेडीने अडकवून ठेवतो आणि जमलेले लोक नुसते बघत राहतात. इतका साधा, धीट चित्रपट नामवंतांच्या शेजारी कुणाच्या नजरेत भरेल?

चौकट:
आपले उदाहरण आपल्याच म्हणण्याला छेद देते. ‘शाओ वू’ बुसानच्या आधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, बर्लिन महोत्सवाच्या फोरम विभागात दाखवला गेला होता आणि नामवंतांच्या त्या गर्दीतही तो नजरेत भरलाच. अकिरा कुरोसावांच्या ‘राशोमोन’ला १९५१ मध्ये आणि सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ला १९५७ मध्ये सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तोही व्हेनिस महोत्सवातच. आशियाई चित्रपटाच्या थोरवीवर शिक्का नेहमी युरोपातच उमटावा का? बुसानने निवाड्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली, याचे मला मनापासून समाधान वाटते.

तिसरी रांग:
बर्लिनचा मुद्दा मान्य आहे. मात्र मुरलेल्या दिग्दर्शकाचा निर्माता नवा चित्रपट आधी फ्रान्समधल्या कान किंवा व्हेनिसच्या महोत्सवालाच पाठवणार. बुसानच्या बक्षिसाने तो हिशेब बदलणार नाही. बुसानचे खरे काम पडद्यामागचे आहे. १९९८ पासून तिथे असा बाजार भरतो, जिथे हातात फक्त संहिता असलेला दिग्दर्शक परदेशी निर्मात्यांसमोर बसून आपला चित्रपट समजावून सांगू शकतो. स्पर्धेच्या झगमगाटात लक्ष आणि पैसा या कामावरून ढळेल, ही माझी खरी धास्ती आहे.

काठावरचा:
निवाडा कोणीही करो, तो दबावाखाली होता कामा नये. २०१४ मध्ये, त्याच वर्षी कोरियात बुडालेल्या सेवोल जहाजाच्या दुर्घटनेवरचा माहितीपट दाखवू नये, असा आग्रह बुसानच्या महापौरांनी धरला होता. महोत्सवाने तो दाखवलाच आणि पुढची काही वर्षे त्याची झळ सोसली. बुसानच्या पुरस्काराला वजन येईल ते या ताठ कण्यामुळे.

चौकट:
याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. बाजार आणि स्पर्धा मात्र एकमेकांच्या आड येतात, असे मला अजूनही वाटत नाही. संहिता घेऊन आलेल्याला पुढे त्याच शहरात स्पर्धेत उतरता आले, तर त्यात त्याचे नुकसान कोणते?