पावकी थांबते, शेवेचा लूप थांबत नाही! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते, वय 61. नातवाच्या नादानं दोन महिने झाले पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय. प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

पहिला प्रोग्रॅम केला तो पावकीचा. आम्हाला लहानपणी पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) घोकावी लागे. नातवाला नावंही ठाऊक नाहीत. 'पाव' 0.25 पासून सुरू, तो 2.75 होत नाही तोवर व्हाइलचा लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा) चालू, दर फेरीत 0.25 मिळवायचे. (पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत चालतं, हे कळल्यावर मला कोण आनंद झाला!) दहा ओळी आल्या, अडीचवर गाडी थांबली.

मग शेजारच्या नमकीनवाल्यानं गळ घातली, लौंग शेवेचे भाव 100 ग्रॅमपासून किलोपर्यंत छापून द्या, काउंटरवर चिकटवतो. भाव 280 रुपये किलो. साचा तोच वापरला (व्हाइल, प्रिंट हे शब्द फाइलीत इंग्रजीतच आहेत; != म्हणजे 'समान नाही'):

वजन = 0.1
व्हाइल वजन != 1.1:
    प्रिंट(वजन, वजन * 280)
    वजन = वजन + 0.1

तिसऱ्याच ओळीत वजन आलं 0.30000000000000004! आणि किलो झाला तरी लूप थांबेना. कंट्रोल-सी दाबेपर्यंत स्क्रीनवर कैक क्विंटल शेव तोलून झाली होती. पावकीत चाललेलं इथे का चालत नाही?

दांडियाबाजारकर, बडोदे:
काकू, लूप बरोबर आहे, घोळ 0.1 चा आहे. कॉम्प्युटर द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून मोजतो. त्यात पाव, अर्धा, पाऊण नेमके बसतात. एक दशांश मात्र बसत नाही, जसा आपल्याकडे एक तृतीयांश 0.333 करत संपतच नाही. दर फेरीत ती बारीक चूक साठत जाते. तुमचं वजन 1.0999999999999999 ला पोचतं, 1.1 कधी होतच नाही, मग अट मोडणार कशी?

!= च्या जागी <= 1.0 केलंत तर थांबेल, पण ते लांबलचक आकडे तसेच राहतील. त्यापेक्षा ग्रॅममध्येच मोजा, पूर्णांकात:

फॉर ग्रॅम इन रेंज(100, 1001, 100):
    प्रिंट(ग्रॅम, 280 * ग्रॅम / 1000)

रेंजला अपूर्णांक दिलात तर एरर येईल, म्हणून भागाकार आत.

इंदूरच्या काकू:
जमलं रे! 1001 मला टायपिंगची चूक वाटली, म्हणून आधी 1000 केलं, तर यादी 900 ग्रॅमवरच संपली. शेवटचा आकडा रेंज धरत नाही, हे आत्ता डोक्यात शिरलं. आता एकच: 28 च्या जागी 28.0 येतंय, ते शून्य कसं घालवू?

दांडियाबाजारकर, बडोदे:
भागाकाराची रेघ एकदा नाही, दोनदा द्या: 280 * ग्रॅम // 1000. उत्तर पूर्णांकात येईल. मात्र भाव 285 झाला तर वरचे 50 पैसे गिळले जातील, नमकीनवाल्याला आधी विचारा!