फॅटी लिव्हर ग्रेड १: गुळवेल, कॅप्सूल की कोकम?

खाडीकाठ:
मुक्काम देवगड तालुका, वय ४६, दारूचा थेंब नाही. पित्ताचा खडा आहे का बघायला सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, 'फॅटी लिव्हर ग्रेड १' निघालं. लिव्हरच्या रक्ततपासणीतलं एसजीपीटी ६८, वजन ७१ किलो, कंबर ९६ सेंमी. डॉक्टरांनी 'चाला, तेलकट टाळा' म्हणून तीन मिनिटांत वाटेला लावलं. शेजारचे काका रोज आंब्यावरची गुळवेल तोडून आणतात. मेडिकलवाला म्हणतो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे, अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्या. घेऊ काय?

पाणंद:
आधी गुळवेल थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला. पण एसजीपीटी आधीच वाढलेलं असताना प्रयोग कशाला?

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं म्हणाल तर पावसाळ्यातली चूल आठवा. ओली सोडणं, म्हणजे नारळाची सालं, कोंबली की जाळ कमी, धूर फार. इन्शुलिन नीट लागू पडेनासं झालं की पोटावरच्या चरबीतून फॅटी अ‍ॅसिड सुटून लिव्हरकडे येत राहतात. वर जास्तीच्या साखरेची चरबी लिव्हर स्वतःच बनवतं. पेशीतली भट्टी, म्हणजे मायटोकाँड्रिया, एवढं जाळू शकत नाही आणि त्यातून जो धूर निघतो तो पेशींच्या आवरणालाच लागतो. मग सूज, पुढे व्रण, म्हणजे लिव्हरमध्ये कडक चट्टे (फायब्रोसिस). कॅप्सूल घेणं म्हणजे धुराला वारा घालणं. सोडणं काढा की!

व्हिटॅमिन ई ८०० युनिटचा २०१० चा अभ्यास आहे, सुजेला फायदा दिसला. पण ते रुग्ण बायोप्सी झालेले आणि मधुमेह नसलेले होते. तुमच्यासारख्या ग्रेड १ ला मनाने घ्यायची गोष्ट नव्हे.

कंबर बघा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या वर धोका धरतात. दारू न पिता हे होतं ते त्यामुळेच. २०२३ पासून आजाराच्या नावातच 'मेटाबॉलिक', म्हणजे चयापचयाशी संबंधित, आलंय. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) करून घ्या. सोनोग्राफीचा ग्रेड चरबी सांगतो, व्रण नाही. त्यासाठी वय, एसजीओटी (हीही लिव्हरचीच रक्ततपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेटवरून फिब-४ नावाचा आकडा काढा. १.३ च्या खाली असेल तर बरंचसं निर्धास्त.

रापण:
घोवाक माझ्या, म्हणजे नवऱ्याक, ग्रेड २ असा. भात एका वाटीवर हाडलंय तर तीन दिवस तोंड फुगवून बसलो. आता रात्री नाचणीची भाकरी नि कुळथाची पिठी. बांगडो तव्यार, खोबऱ्याच्या वाटपात बुडवून नाय. आणि कोकमाचा आगळ, म्हणजे बिनसाखरेचो रस, पिया, सरबत नको. बाटलीतला सरबत म्हणजे निसतो साखरेचो पाक.

पाणंद:
रापणताई, शंभर टक्के. फक्त 'वजन घटवणाऱ्या' गार्सिनिया कँबोजियाच्या गोळ्या कोकमाच्या भावकीतल्या म्हणून कोणी घेऊ नका, त्यांनी लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. खाडीकाठ, साडेतीन किलो उतरलं तरी लिव्हरमधली चरबी हलते. सूज कमी व्हायला पाच ते सात किलो धरा, सावकाश. बिनसाखरेची कॉफी चालेल.

खाडीकाठ:
एसजीओटी ४२, प्लेटलेट २ लाख ४० हजार. फिब-४ आला ०.९८. कॅप्सूलची डबी परत केली. काकांना गुळवेल बंद म्हणून सांगितलं, तर आज सकाळी कारल्याचा रस घेऊन दारात उभे.