जिनिव्हात आमच्या आईच्या वतीने हात कोण वर करतं?

कन्नाचौक_एमकॉम

नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी आई सोलापुरात विड्या वळते. परवा गल्लीत युनियनची बैठक होती, तिथं एक बाई म्हणाल्या की घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १९९६ सालीच जिनिव्हात ठराव झालाय, आपलं सरकार तो मानत नाही. आई घरी आल्या आल्या मला म्हणाली, "तिथं कोण बसतंय गं? आपल्यातलं कोण जातंय?" एवढं शिकून मला धड उत्तर देता आलं नाही.

मग शोधलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एका देशाला एक मत असतं, हे शाळेत शिकलेय. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या, परिषदेला प्रत्येक देशातून चार जण जातात म्हणे. दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. मग भारताचं मत एक की चार? चौघांनी चार दिशांना हात वर केले तर काय होतं? ठराव मंजूर झालाय तर इथं लागू का नाही? आणि विडीच्या बंडलावर कॅन्सरचं चित्र छापायला लावणारी सभा तीच का? आईच्या मते सगळं एकच आहे, "जिनिव्हावाले" म्हणून ती एकदमच शिव्या घालते.

बाळीवेस_बॉय

काय बे, एवढं डोकं कशाला लावायलीस? जिनिव्हात काय बी ठरू दे, हजार विड्यांची मजुरी कारखानदार आणि युनियन इथंच बसून ठरवणार. तिथं नुसतं कॉफी पिऊन फोटो काढतेत.

टाइपरायटर_काका

बाळीवेसकर, कॉफी पितात हे खरं आहे. बाकीचं थोडं ऐकून घे.

ताई, मी एका कामगार युनियनच्या हापिसात टायपिस्ट होतो, आता निवृत्त आहे. मागण्यांची पत्रं, लेबर ऑफिसातले अर्ज, तडजोडीचे मसुदे हेच टाइप करत आयुष्य गेलं. या परिषदेची इतिवृत्तं वाचायचा नाद तिथंच लागला. लोक क्रिकेटचे स्कोअरकार्ड वाचतात तसं मी मतदानाचं कोष्टक वाचतो.

भारताची मतं चार. एका घरातल्या चार भावंडांनी आपापल्या मर्जीने मत टाकावं तसा प्रकार आहे, कर्त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची हे नाही. सरकारने नाव पाठवलं, तिकीट काढून दिलं, तरी कामगार प्रतिनिधी भर सभेत सरकारविरुद्ध मत देऊ शकतो, आणि देतातही. सदस्य देश १८७ आहेत. दरवर्षी जून महिन्यात ही मंडळी जिनिव्हात जमतात. सरकारं दोन, मालक एक, कामगार एक असं प्रमाण असल्याने मोठ्या सभागृहात निम्मी मतं सरकारांची आणि उरलेली निम्मी या दोघांत वाटलेली असतात.

खरी झटापट मात्र तिथं होत नाही. ती समित्यांमध्ये होते. समितीत सरकारांच्या माणसांची गर्दी जास्त असते, म्हणून तिथं मतांना वजन लावतात, गुणाकार करून तिन्ही गटांची ताकद सारखी करतात. मालकांचा गट आणि कामगारांचा गट आधी वेगवेगळ्या खोल्यांत बसून काय मागायचं, काय सोडायचं ते ठरवतात. मग समोरासमोर बसून एकेका कलमावर, एकेका शब्दावर घासाघीस चालते. एखाद्या विषयावर नवा करार करायचा तर ही चर्चा बहुधा दोन जूनमध्ये, म्हणजे लागोपाठ दोन वर्षं होते. मधल्या वर्षात मसुदा सगळ्या देशांकडे फिरतो.

शेवटी भर सभेत मतदान. करार मंजूर व्हायला पडलेल्या मतांची दोन तृतीयांश मतं लागतात. आणि इथं एक गंमत आहे, तिच्यावर माझा फार जीव आहे. बाजूने आणि विरुद्ध पडलेली मतं मिळून हजर प्रतिनिधींच्या निम्मी तरी भरली पाहिजेत, नाहीतर मतदानच रद्द. तटस्थ राहिलेला माणूस यात धरत नाहीत. म्हणजे ज्याला करार पाडायचाय त्याने 'नाही' म्हणण्यापेक्षा गप्प बसणं जास्त फायद्याचं.

२००५ साली मासेमारी करणाऱ्या कामगारांचा करार असाच बुडाला. बाजूने २८८, विरुद्ध फक्त ८, तटस्थ १३९. कोरम, म्हणजे मतदान धरायला किमान लागणारी मतं, २९७ चा होता. बेरीज करून बघ, २९६ भरतात. एका मताने गेला! म्हणजे विरोधकांपैकी आणखी एकाने 'नाही'चं बटण दाबलं असतं तरी करार मंजूर झाला असता. दोन वर्षांनी, २००७ साली, तोच विषय पुन्हा आणून मंजूर करावा लागला.

तुझ्या आईच्या ठरावाचंही १९९६ साली असंच व्हायची वेळ आली होती. करार क्रमांक १७७, घरकामगारांचा. म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा नव्हे, स्वतःच्या घरात बसून दुसऱ्याचा माल तयार करणाऱ्यांचा. मालकांच्या गटाने मसुद्यावर चर्चा करायलाच नकार दिला आणि मतदानाला तटस्थ राहिले. विरुद्ध मतं अगदी मोजकी पडली, तटस्थांची संख्या शंभराच्या पुढे. तरी कोरम भरला, करार झाला. त्यामागे अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेच्या इला भट आणि त्यांच्यासोबतच्या बायकांची बरीच वर्षांची खटपट होती. विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, उदबत्ती करणाऱ्या बायका कामगार आहेत हे आधी जगातल्या कामगार संघटनांनाच पटवून द्यावं लागलं होतं, मालकांची गोष्ट नंतरची.

आता लागू का नाही. परिषदेत मंजूर झालेला करार म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक सरकारने तो वर्षभरात, फार तर अठरा महिन्यांत, आपल्याकडच्या कायदे करणाऱ्या संस्थेपुढे ठेवायचा एवढंच बंधन असतं. पुढे त्यावर सही करायची, म्हणजे अनुसमर्थन द्यायचं, की नाही हे देशाच्या मर्जीवर. १७७ वर आधी फिनलंडने सही केली, मग आयर्लंडने. दोन देश झाल्यावर वर्षभराने, २२ एप्रिल २००० पासून, तो अंमलात आला. सही केलेल्यांची यादी आजही छोटी आहे आणि तिच्यात भारत नाही.

चित्रवाली सभा निराळी. तो जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार. २००३ साली त्यांच्या आरोग्य सभेत मंजूर झाला, भारताने २००४ मध्ये अनुसमर्थन दिलं. त्याची स्वतःची परिषद भरते, २०१६ ची तर आपल्याकडे ग्रेटर नोएडात भरली होती. तिथं फक्त सरकारं बसतात. तंबाखू कंपन्यांना धोरणापासून लांब ठेवायचं असं कलमच आहे, आणि ते बरोबरच आहे. पण तिथं विडी कामगाराला मतही नाही. तिच्यासाठी सतरावं कलम आहे, पर्यायी रोजगाराला चालना द्या म्हणून. आणि चित्र पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर पाहिजे हा नियम दिल्लीचा आहे. करारात निम्मी किंवा जास्त जागा असावी, तीस टक्क्यांपेक्षा कमी तर नकोच, एवढंच आहे. आईच्या शिव्यांचा पत्ता तेवढा दुरुस्त कर.

गारमेंट_अक्कलकोटरोड

माझं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, काजं-बटणं आणि हातशिलाई घरोघर देतो. काकांचं वाचून मालक लोक खलनायक वाटतील, म्हणून लिहितोय.

जिनिव्हात मालकांची जी खुर्ची असते तिच्यावर माझ्यासारखा कधीच बसत नाही. तिथं मोठ्या उद्योगांच्या संघटना. माझ्याकडे काम नेणाऱ्या बायका इतर दोन ठिकाणचंही काम नेतात. मग त्यांचा मालक कोण, मी का ते दोघं? पीएफ कुणी भरायचा? शाळा सुरू व्हायच्या आधी चार महिने काम, पुढे सगळं थंड. हे प्रश्न सोडवल्याशिवाय सही करा म्हणणं सोपं आहे. मजुरी कमी आहे हे मी नाकारत नाही.

टाइपरायटर_काका

शेठ, मुद्दा रास्त आहे, पण त्या करारात त्याला जागा ठेवलेली आहे. मध्यस्थ असेल तिथं मालकाची जबाबदारी किती आणि मध्यस्थाची किती हे देशाने आपल्या कायद्यात किंवा कोर्टाच्या निकालांतून ठरवावं असं आठवं कलम सांगतं. पीएफचा हिशेब जिनिव्हावाले करून देत नाहीत.

आणि पहिल्या कलमातली एक ओळ सोलापूरसाठीच लिहिल्यासारखी आहे: कच्चा माल, अवजारं कुणी पुरवली याला महत्त्व नाही, मालकाने सांगितलेला माल घरी तयार करून मजुरी मिळते ना, मग तो घरकामगार. विडीतली 'खरेदी-विक्री' पद्धत माहीत असेलच. कागदावर ठेकेदार बाईला पान-तंबाखू विकतो आणि तिच्याकडून विड्या विकत घेतो. बाई झाली व्यापारी, ठेकेदार झाला गिऱ्हाईक, कामगार कुणीच नाही! पानं कमी पडली तर बाईने पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची ते वेगळंच. आपला १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदासुद्धा घरी वळणाऱ्या बाईला कामगार धरायचा, आणि सुप्रीम कोर्टाने १९७४ साली मंगळूरच्या एका विडी कंपनीच्या खटल्यात तो उचलून धरला. तेव्हा सही नसली म्हणून आपण अगदी उघड्यावर होतो असं नाही. विडीच्या बायकांना निदान हा कायदा तरी होता, २०२५ च्या नोव्हेंबरपासून तो नव्या कामगार संहितेत गेला. तुमच्या काजं-बटणांच्या बायकांना त्यांचा असा वेगळा कायदा नव्हताच, सहीचा उपयोग त्यांना जास्त.

कन्नाचौक_एमकॉम

काका, फार बरं झालं. आईला रात्री वाचून दाखवलं, मधे मधे तेलुगूत सांगावं लागलं. तिचा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. कामगारांची ती एक खुर्ची, तिच्यावर कोण बसायचं हे ठरवतं कोण? आम्हाला तर कुणी विचारलं नाही.

टाइपरायटर_काका

आईने नेमकं दुखणं पकडलं.

नाव सरकार पाठवतं, पण देशातल्या सगळ्यात प्रातिनिधिक कामगार संघटनांशी एकमत करूनच. यावरूनचं भांडण फार जुनं आहे. नेदरलँड्सच्या सरकारने सगळ्यात मोठी संघटना सोडून तीन लहान संघटनांच्या संमतीने माणूस पाठवला, मोठीने हरकत घेतली. राष्ट्रसंघाच्या काळातलं आंतरराष्ट्रीय न्यायालय, म्हणजे आजच्याच्या आधीचं, तेव्हा नवंकोरं होतं, त्याने दिलेला पहिला सल्ला, १९२२ चा, याच प्रश्नावर आहे. न्यायालय म्हणालं, तिघांची मिळून सभासदसंख्या मोठीपेक्षा जास्त भरते, तेव्हा चालेल. आजही अशी हरकत घेता येते. अधिकारपत्रं तपासणारी तिघांची समिती असते, तिथंही एक सरकारचा, एक मालकांचा, एक कामगारांचा. आणि सरकारने कामगार प्रतिनिधी पाठवलाच नाही, नुसता मालकांचा पाठवला, तर मालकांच्या माणसाला बोलता येतं, मत देता येत नाही. हे कलम ज्याने कुणी सुचवलं त्याला माझा दंडवत.

आपल्याकडचा पहिला माणूस म्हणजे ना. म. जोशी. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली परिषद भरली तेव्हा ते कामगारांच्या वतीने गेले. त्यांना निवडायला देशात मध्यवर्ती संघटनाच नव्हती, सरकारने नेमलं. पुढच्या वर्षी मुंबईत आयटक ही मध्यवर्ती कामगार संघटना निघाली, त्यामागे हेही एक कारण होतं की जिनिव्हाला माणूस पाठवायचा तर मागे संघटना हवी. त्या पहिल्या परिषदेत जगाला आठवड्याचे ४८ तास आणि ब्रिटिश हिंदुस्थानला ६० तास असं ठरलं. आपल्या जुन्या गिरणीच्या कामगाराला तेही कमीच वाटले असतील, कारण त्याआधी त्याहून जास्त तास राबत होता तो.

आज प्रातिनिधिक कोण हे सभासद पडताळणीवरून ठरतं. गेल्या पडताळणीत भारतीय मजदूर संघ पहिला आला होता. बाकी मध्यवर्ती संघटनांची माणसं सल्लागार म्हणून जातात. माझं स्वतःचं मत विचारशील तर गाडं इथंच अडतं. घरी वळणाऱ्या बाईची युनियनच्या वर्गणीची पावती फाटलेली नसते, फाटली तरी नाव रजिस्टरात चढत नाही, चढलं तरी पडताळणीला कागद सापडत नाहीत. मी ते कागद शोधत बसलेला माणूस आहे. खुर्ची आहे, पण तिच्यामागच्या मोजणीत तुझी आई नाही.

म्हणून तिला एवढंच सांग: युनियनची वर्गणी भरते का, पावतीवर पूर्ण नाव आहे का, आणि ते नाव वर मध्यवर्ती संघटनेला कळवलंय का, हे पुढच्या बैठकीत विचार. दुसरं, सही न केलेल्या करारावरही जिनिव्हा सरकारकडून अहवाल मागवू शकतं, आणि त्या अहवालावर कामगार संघटनांना आपलं म्हणणं वेगळं पाठवता येतं. त्या पत्रात सोलापूरच्या पानांचा हिशेब घालायला कुणी अडवलेलं नाही. मसुदा करायचा असेल तर मला सांग, बोटं अजून चालतात.

बाळीवेस_बॉय

काका, आपण सपशेल शरण. एकच विचारतो, धाकटा भाऊ डिलिव्हरीवर आहे, मोबाईलवर ऑर्डर आली की पळायचं. त्याचं काय आहे का तिथं?

टाइपरायटर_काका

आहे की. २०२५ च्या जूनमध्ये त्याच्यावर पहिली चर्चा झाली, करार आणि सोबत शिफारस असं दोन्ही करायचं ठरलं. दुसरी फेरी २०२६ च्या जूनची. कुणी कसं मत दिलं ते प्रतिनिधींच्या नावानिशी छापतात आणि वेबसाइटवर टाकतात. बघशील तेव्हा बाजूची मतं मोजत बसू नकोस, मालकांच्या रांगेतले तटस्थ किती ते आधी बघ.