अप्पांची पेटी (हार्मोनियम) शिकायचीय, आधी दुरुस्ती करू की क्लास लावू की नवीनच घेऊ? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पेटीतल्या जाणकारांनी प्लीज पूर्ण वाचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, भवानी पेठेतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. दिवसभर यंत्रमागावर काम आणि एकादशी, सप्ताह, कुणाकडे जागर असला की रात्रभर पेटी. नोटेशन वगैरे काही नाही, सगळं कानावर. गेल्या वर्षी ते गेले, भावांनी पेटी मला दिली कारण तिच्यात जीव माझाच होता. मी आता चाळिशीत आहे, नोकरी करते, जुळे सोलापूरला राहते, आणि मला शिकायचं तर ह्याच पेटीवर शिकायचंय.

पेटी साधी आहे, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी) नाही, साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची, म्हणजे प्रत्येक पट्टीला आत दोन पितळी जिभा (खालचा खर्ज आणि मधला नर). हे सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे आहेत असं अप्पा अभिमानाने सांगायचे. बरीच वर्षं माळ्यावर चादरीत गुंडाळून होती, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, लाकूड सुकून वरच्या फळीला बारीक चीर गेलीय. भाता भरून हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या बंद केल्या तरी तो लगेच बसतो म्हणजे हवा कुठूनतरी जातेय. मधल्या सप्तकातला एक सूर बोट न लावताच वाजत राहतो, खर्जातले दोन-तीन बोलतच नाहीत. काळी एकची पट्टी मात्र बघण्यासारखी आहे, पुढच्या टोकाला काळा रंग पूर्ण गेलाय, खालचं लाकूड दिसतं आणि बोट ठेवलं की हलका खळगा जाणवतो, कारण मंडळाची जवळजवळ सगळी भजनं काळी एकमध्येच, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. बाकी काहीही बदला पण ती पट्टी मी बदलू देणार नाही.

एका क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले ही शोकेसमध्ये ठेवा आणि नवीन स्केल चेंजर घ्या, बायकांचा आवाज काळी चार-पाचला लागतो, ह्या पेटीवर तुम्हाला गाता येणार नाही. पण मला गायचंच नाहीये हो, मला भजनाला साथ करायचीय. मंडळातले काका लोक अजून काळी एकमध्येच गातात आणि त्यांच्याकडे आता पेटीला कुणी नाही, मोबाईलवर तंबोरा लावून भजन चाललंय, ते ऐकवत नाही.

तर आधी दुरुस्ती की आधी क्लास? सुरुवातच काळी एकमधून केली तर हात चुकीचा बसतो का? आणि दुरुस्तीला कुठे न्यायची, मिरज तर सतार-तंबोऱ्यांचं गाव, तिथे पेटीचं काम होतं का? परीक्षा द्यायच्या नाहीयेत, हरिपाठ आणि रोजची भजनं आली तरी खूप झालं.

प्रतिसाद

ताई, पेटी अजिबात शोकेसमध्ये ठेवू नका. तुम्ही सांगताय ते सगळे दुरुस्त होणारे आजार आहेत. भाता बसतो म्हणजे घडीचं चामडं फाटलंय नाहीतर ती चीर हवा सोडतेय. आपोआप वाजणाऱ्या सुराचं कारण बहुतेक पट्टीखालची गादी नीट बसत नाही, कसर लागली असेल किंवा स्प्रिंग सैल झाली असेल. मुके सूर बऱ्याचदा फक्त धुळीने अडकतात, पितळी जिभेखालून पातळ कागद अलगद फिरवला की बोलतात, पण हेही जाणत्याकडूनच करून घ्या.

महत्त्वाचं म्हणजे ट्यूनिंग. जीभ टोकाकडे खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. जुनी पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या मापात नसेल तर ती तिथे आणण्यासाठी सगळे सूर घासू देऊ नका. सूर आपसात जुळले की पुरे, मोबाईलचा तंबोरा थोडा वरखाली करून पेटीला जुळवता येतो, उलटं करू नका. जुने पालिताण्याचे सूर काढून नवे बसवतो म्हणणाऱ्याला सरळ नाही सांगा.

मिरजेच्या आधी पंढरपूरला विचारा, तिथे मठ आणि फडांमुळे पेट्या रोज वाजतात, कामाचा माणूस तिथल्या मंडळींकडून कळेल. आषाढीच्या आसपास मात्र जाऊ नका, कुणाला वेळ नसतो.

काळी एकमधून खुशाल शिका. सा काळ्या पट्टीवर येतो म्हणून अंगठा कधी कुठे वापरायचा हे पहिल्यापासून कुणीतरी समोर बसून दाखवायला हवं, व्हिडिओ बघून तेवढं जमत नाही. साथ करणारे सर शोधा, एकटं वाजवायला शिकवणारे नकोत. अलंकार रोज, विलंबित, डाव्या हाताचा भाता एकसारखा. भजनाला गायकाच्या मागे जाणं हेच जास्त लागतं, वेग नंतर.

धागाकर्ती

दादा खूप खूप आभार, घासायचं माहीतच नव्हतं, उद्याच एकाला बोलावणार होते, आता थांबवते. मंडळातल्या काकांना पंढरपूरचं विचारते. फक्त एक सांगा, फळीची चीर तोपर्यंत फेव्हिकॉलने भरून ठेवू का, की हात न लावता तशीच न्यायची? एसटीने नेताना हादरे बसून ती वाढेल अशी भीती वाटतेय.