पदवी हाती पडताच मुलांनी एकट्याने परदेशी जावे का?

अंत्रुजकर

आमच्या फोंडा तालुक्यात ज्या घरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला मूल आहे, त्या घरात सध्या बोलणे फिरून फिरून एकाच विषयावर येते: जर्मनी की आयर्लंड, आणि कर्ज कोणत्या बँकेचे. परदेशी जाण्याला माझा विरोध नाही. निकाल लागल्याबरोबर जाणे आणि तेही एकट्याने जाणे, या दोन गोष्टी एकत्र येतात तिथे मात्र माझा आक्षेप आहे.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे 3,702 चौरस किलोमीटर. सत्तरीची मुलगी सकाळच्या कदंब बसने फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाते आणि दिवेलागणीला घरी परतून आईच्या हातचे हुमण जेवते. महाराष्ट्रातल्या आडगावची मुले बारावीनंतर, कित्येकदा त्याआधीच, शहरात खोली घेऊन, मेसचे खाऊन आणि घरमालकाशी हुज्जत घालून तयार झालेली असतात. आमच्या मुलांचा घराबाहेरचा पहिला मुक्काम मात्र थेट दुसऱ्या खंडात पडतो. तिथे गेल्यावर काय होते तेही पाहावे. जर्मनीत खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते, आणि ही नोंदणी झाल्याशिवाय राहण्याच्या परवान्यापासून करक्रमांकापर्यंत पुढचे काही सरकत नाही. म्हणजे सगळे खोलीवर अडते, आणि विद्यार्थ्यांच्या शहरांत नेमकी खोलीच मिळत नाही. विजेचे बिल कुठे भरतात हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याच्यावर आपण एकाच महिन्यात हे सारे लादतो. आधी दोन वर्षे पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करावी, स्वतःचे घर स्वतः चालवावे आणि मग खुशाल जावे, असे माझे मत आहे.

मांडवीकाठ

मी गेली काही वर्षे जर्मनीत राहतो आणि पदवीनंतर लगेचच आलो, त्यामुळे माझे मत एकांगी आहे असे वाटल्यास तसे समजावे.

पत्त्याच्या नोंदणीचे आपण सांगितले ते अक्षरशः खरे आहे. परंतु पुण्यात दोन वर्षे काढल्याने त्यातले नेमके काय शिकून होते? पुण्यात मराठी चालते, शुक्रवारी रात्री बसमध्ये बसले की शनिवारी सकाळी माणूस पणजीला उतरतो आणि चवथीला हमखास घरी असतो. तो घराचाच लांबवलेला ओसरा आहे. इथल्या नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडू लागतो, रविवारी दुकाने बंद असतात आणि शेजाऱ्याशी बोलायला भाषा पुरत नाही. त्याची तालीम बंगळुरूला होत नाही.

शिवाय दोन वर्षे थांबण्याची किंमत आपण मोजलेलीच नाही. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षांत बाद होतात, ही त्यातली किरकोळ बाब झाली. कॅनडाने विद्यार्थ्याने दाखवायची निर्वाहाची रक्कम 10,000 डॉलरवरून जानेवारी 2024 पासून एकदम 20,635 डॉलर केली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून अध्यापनाधारित (संशोधनाच्या नव्हे, तर वर्गात शिकवल्या जाणाऱ्या) पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास बंदी केली, आणि शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याची मुदत 1 जानेवारी 2027 पासून दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणण्याचे जाहीर केले. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही शिक्षणशुल्क नाही आणि पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी दीड वर्ष मिळते. उद्याही ते तसेच राहील अशी हमी कोण देणार? दार मिटत चालले असताना आपण मुलांना ओसरीवर बसून स्वयंपाक शिकायला सांगत आहात.

अंत्रुजकर

नियम असे भराभर बदलतात, हाच माझा मुद्दा आहे. जो बेत अमुक देश तमुक सवलत चालू ठेवील या भरवशावर उभा आहे, तो डोक्यावर कर्ज असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवू नये. जर्मनीच्या व्हिसासाठी लागणाऱ्या गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) निर्वाहाचे म्हणून वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात, म्हणजे सुमारे 12 ते 13 लाख रुपये, आणि त्यातून महिन्याला 992 युरोच हाती येतात. खोलीभाडे आणि आरोग्यविमा गेल्यावर त्यात काय उरते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. दोन वर्षे कमावलेला मुलगा यातले थोडे तरी स्वतःचे घालू शकतो.

निवृत्त तारवटी

आम्ही विशीच्या आत बोटीवर चढलो, तेव्हा असा परिसंवाद कोणी भरवला नव्हता. गोव्यातल्या किती घरांचे चिरे बोटीच्या पगारातून बसले, हे गावागावांत दिसते. तेव्हा वयाचा बाऊ करू नये असे प्रथम मनात आले.

तरीही अंत्रुजकरांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बोटीचे उदाहरण या वादात नेहमी चुकीचे दिले जाते. तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, घर सोडतो, पण तो एकटा नसतो. निजायला बंक मिळतो, जेवणाची घंटा होते, कराराची मुदत लिहिलेली असते, आणि करार संपला किंवा माणूस आजारी पडला तर त्याला घरी पोचवण्याचा खर्च मालकाने करायचा, हे 2006 च्या सागरी श्रम करारातच नमूद आहे. बाजूच्या बंकवर बहुधा काणकोणचा किंवा बार्देसचा कोणी असतोच. खोलीत तापाने पडलेल्या विद्यार्थ्याची चौकशी करायला असा कोणी बांधलेला नसतो. आम्ही गेलो म्हणून तुम्हीही जा, हे म्हणणे त्यामुळे लंगडे पडते.

तेरेखोल

मूळ लेखकांनी एक वाट सोडूनच दिली आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांची मुले आणि नातवंडे लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेत आली आहेत, आणि ती काही एकाच धर्माच्या घरांतली नाहीत. त्या पारपत्रावर गोठवलेले खाते नको, व्हिसा नको. आजोबांचा जन्मदाखला घरात असताना कर्ज का काढावे?

मांडवीकाठ

ही वाट वरून दिसते तितकी फुकटची नाही. दुसरे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व संपते. मग मतदान नाही, सरकारी नोकरी नाही आणि परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड हाती आले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्या ब्रिटनसाठी लोक हे करीत आणि स्विंडनसारख्या गावी जाऊन राहत, तिथे ब्रेक्झिटनंतर 31 डिसेंबर 2020 ला मुक्त प्रवेश बंद झाला. शिवाय आजोबांच्या दाखल्यावर नाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेले असते, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाने, आणि दोघे एकच हे सिद्ध करण्यात एखादे वर्ष सहज जाते. बावीसाव्या वर्षी शिकायला जाणे आणि बावीसाव्या वर्षी नागरिकत्व सोडणे यांत महदंतर आहे. पहिल्यातून परत येता येते.

सांखळीची वाचक

वरची सगळी चर्चा 'मुलगा' धरून चालली आहे, म्हणून लिहिते आहे. माझी मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे.

दोन वर्षे थांबण्याचा सल्ला मुलाला दिला तर तो नोकरी करतो. मुलीला दिला की पहिल्या सहा महिन्यांत स्थळे येऊ लागतात, आत्या-मावश्या फोन करतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रश्न कोणत्या विद्यापीठाचा न राहता कोणत्या घराचा होतो. अंत्रुजकरांच्या मनात तसे काही नाही हे मी जाणते, परंतु त्यांच्या सल्ल्याचा परिणाम आमच्याकडे असाच होतो. अंत्रुजकर, आपल्या भाचीला किंवा पुतणीला आपण हाच सल्ला दिला असता का, आणि दिला असता तर ती दोन वर्षे तिला निर्वेधपणे मिळावीत म्हणून घरच्यांशी भांडला असता का?

पैशाबद्दलही थोडे लिहिते, कारण मुले 'कर्ज काढू' असे सहज म्हणतात. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. आमच्याकडे घर आहे, बागायत आहे, पण कागदावर अजून आजेसासऱ्यांचे नाव आहे आणि वाटण्या झालेल्या नाहीत. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतील वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, करायची तर मुंबईला आणि दुबईला असलेले सगळे वारस गोळा करावे लागतात. अशी मालमत्ता बँक हातात धरत नाही, आणि मग माणूस जास्त व्याजाच्या विनातारण कर्जाकडे वळतो. गोव्यात अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी मुलाचे वय पाहण्याआधी जमिनीचे कागद पाहावेत.

अंत्रुजकर

मुलींविषयी आपण म्हणता ते मला मान्य करावे लागेल. निदान मुलीच्या बाबतीत दोन वर्षांचा आग्रह मी धरणार नाही. परंतु मग तिच्या एकटेपणाचे काय? कर्ज आणि कागद यांची व्यवस्था झाली, म्हणजे ती तिथे राहायला सिद्ध झाली असे होत नाही.

सांखळीची वाचक

होत नाही, हे खरे. म्हणून दोन वर्षांऐवजी दोन अटी घातल्या आहेत. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी निघण्यापूर्वी तिने जर्मन भाषेची बी-1 ही मध्यम पातळी पूर्ण करावी, म्हणजे घरमालकाशी आणि डॉक्टरशी तिला स्वतः बोलता येईल. आणि खोलीचे लेखी पत्र हाती आल्याशिवाय तिकीट काढू नये. तारणासाठी अखेर माझ्या माहेरच्या वाट्याचा छोटा फ्लॅट ठेवायचा विचार आहे, तो कागदोपत्री स्वच्छ आहे. गोव्याच्या विवाह-कायद्याप्रमाणे आमची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि तारणावर आम्हा दोघांच्याही सह्या लागतात. यजमानांची सही तयार आहे. माझी सही बी-1 चा निकाल लागल्यावर होईल, असे मी मुलीला सांगितले आहे, आणि तिने पणजीला शिकवणी लावली आहे.